लाल गाडीवरची चार अक्षरं

२७ जानेवारी, सोमवार

ही डायरी शीतलनं दिली. औषधाच्या कंपनीची आहे, दर पानावर खाली एका गोळीचं चित्र. म्हणली, "मामा, तुम्ही बोलत नाही, तर निदान लिहीत जा." मी लाइनमन होतो, लेखक न्हाई. तरी आज लिहितो, कारण आज एका बाईला शिव्या द्यायच्या आहेत आणि घरात आवाज चढवला की माझ्या बायकोचं, तुळजाचं बीपी वाढतं.

शीतल माझी सून. आमचा हरिओम डेंगूनं गेला, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. ती सिस्टर आहे, परतूरपासून जवळच्याच एका गावच्या उपकेंद्रात. लाल चारचाकी गाडी घेऊन सकाळी जाती, दिवस मावळायच्या आत येती. माहेरी गेली असती तर कुणी अडवलं नसतं, पण राह्यली. आता तिचं लग्न आम्हीच जमवलं. पिंपळगाव रेणुकाईचा भारत म्हणून पोरगा आहे, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत. दोन मार्चचा मुहूर्त. तिची बदलीही तिकडं भोकरदनच्या बाजूला झालीय. मीच हो म्हणलं, सुपारी मीच फोडली, आणि त्याचा मला बिलकुल पस्तावा न्हाई. हे पहिलं लिहून ठेवतो.

शिव्या द्यायच्यात त्या भारतच्या आईला, गिरिजाबाईला. आज चहा घेताना तुळजा खाली बघत म्हणली, "गिरिजाबाईचा फोन आल्ता. गाडी आणा म्हणल्या, पण मागचं नाव तेवढं काढून आणा. बरं दिसत न्हाई म्हणल्या."

मागचं नाव म्हणजे हरिओम. डिकीवर चकचकीत अक्षरांत चिकटवलेलं. गाडी घेतली त्या दिवशी दोघांचं भांडण झाल्तं. तो म्हणायचा शीतल लिहू, ही म्हणायची हरिओम लिहू. तो पेढे आणायला गेला आणि हिनं पिशवीतून अक्षरं काढून चिकटवून टाकली. आधीच जालन्याहून आणून ठेवली होती पठ्ठीनं. ओळ वाकडी जाऊ नये म्हणून सुताचं एक टोक मी धरलं होतं, एक तुळजानं. तो आला आणि बघतच राह्यला.

आणि आता कुण्या बाईला ते बरं दिसत न्हाई. मेलेल्या पोरानं हिचं काय घोडं मारलं? पण लेकीची बाजू आपली, कमीपणा आपण घ्यायचा. काढतो म्हणलं. फक्त गॅरेजला न्हाई देणार. तिथला पोऱ्या स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटंल. मीच काढीन.

२९ जानेवारी, बुधवार

आज काम बघायला गेलो तर बघायला जागाच न्हाई. शीतल गाडी नेहमी उलटी लावती. बोनेट गेटाकडं आणि डिकी भिंतीला इतकी चिकटून की मधून मांजर जाणार न्हाई. दोन वर्षं सांगून राह्यलो, बाई, सरळ आत घाल, मागं घेताना कवातरी भिंतीला ठोकशील. तर म्हणती, "सकाळी निघायला सोपं पडतं, मामा." पोरगी तशी समजदार आहे, पण एवढ्या एका बाबतीत हेकट. आज तिला सांगून गाडी फिरवून घेतली. फिरवली आणि न बघता सरळ आत निघून गेली.

अक्षरं चार तुकड्यांत आहेत, ह, रि, ओ, म. रि ची वेलांटी एका बाजूनं थोडी उचललीय. बाकी घट्ट. शीतलनं चिकटवलंय, ढिलं कसं असंल?

आज थंडी होती. थंडीत गोंद कडक राहतो, म्हणून हात लावला न्हाई.

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या हातून आज घाण झाली.

तीस वर्षं तारेवर पोट भरलं, त्यामुळं कशालाही तारच सुचती. केबलमधला तांब्याचा एक बारीक धागा काढला, दोन्ही टोकांना काड्या बांधल्या आणि ह च्या मागं घालून करवतीसारखा ओढायला लागलो. वाटलं होतं, साबण कापल्यासारखा गोंद कापला जाईल. गोंद काही कापला न्हाई. तार खाली घसरली आणि रंगावर बोटभर ओरखडा उठला. लाल गाडीवर पांढराफट्ट.

मी तिथंच खाली बसलो. हरिओम ही गाडी पुसायचा तर आधी फडकं झटकून घ्यायचा, त्यात खडा असंल म्हणून. आणि बापानं तार घातली.

शीतल कपडे वाळत घालत होती. आली, ओरखडा बघितला. आत गेली आणि तिच्या लग्नातल्या पेटीतून नेलपॉलिशची एक बाटली घेऊन आली. लाल. बुड धरून वाळत आल्ती. तिनं त्यात दोन थेंब काहीतरी घातलं, हलवली आणि पायांवर बसून ओरखड्यावरून तो बारका ब्रश फिरवला. इंजेक्शन देताना धरती तसा हात एकदम शांत. रंग बराबर मिळाला न्हाई, पण लांबून कळत न्हाई.

"तारेनं नका करू, मामा," म्हणली. "ऊब द्यायची. माझं केस वाळवायचं मशीन देते."

म्हणलं, "तुझ्याकडं आहे? कधी लावताना दिसली न्हाईस."

"आहे," म्हणली.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ती चपला घालताना बघितलं. पायाच्या नखांना लाल रंग. उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून लावलं असंल. तुळजानंही बघितलं आणि उगंच देवघरात जाऊन बसली. म्हणलं काय झालं, तर म्हणली, "काय न्हाई, धूर गेला डोळ्यात." उदबत्ती तर लावलेली नव्हती.

८ फेब्रुवारी, शनिवार

शेजारचा कडूबा दुधना धरणावर गळ टाकून बसतो. मासा क्वचित लागतो, पण बसतो. त्याच्याकडून तंगूस आणला, मासे धरायची नायलॉनची दोरी. गुळगुळीत असती, रंगाला काही करत न्हाई. कडूबा म्हणला, "मच्छिंद्र, अरं चार अक्षरं ती. चल, मी येतो, चहा उकळंस्तोवर काढून टाकू." म्हणलं, तू तुझे मासे बघ.

शीतलचं मशीन लावलं. ह वर गरम वारा धरला, जवळ न्हाई, टीचभर लांबून, आणि हात हलता ठेवला. एका जागी धरला तर रंग फुगतो. मधून मधून बोट लावून बघायचं. चटका नको, नुसतं कोमट. मंग तंगूस मागं घातला आणि हळूहळू इकडून तिकडं, इकडून तिकडं. या वेळी गोंद ऐकायला लागला. चिकाच्या तारा निघत होत्या, गुळाचा पाक ओढल्यासारख्या.

ह हातात आला. एवढा हलका! मी इतके दिवस स्टील समजत होतो. आत नुसतं प्लास्टिक, वरून चांदीचा मुलामा. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

म्हणजे आता गाडीवर 'रिओम' उरलंय. असं नाव कुणाचं असतं का? गाडी बाहेर कशी काढणार म्हणलं शीतलला. म्हणली, "काढते की. राहिलेलंही निघेलच."

९ फेब्रुवारी, रविवार

ह गायब. कट्ट्यावर न्हाई, खाली न्हाई, कचऱ्यात न्हाई. मी कचरा पालथा घातला. तुळजा म्हणली, "कामाला न येणारी चीज, जाऊ द्या." म्हणलं, जाऊ द्या कशी? माझ्या पोराच्या नावाचं अक्षर आहे ते.

मोरीच्या पायपाजवळ घूस फिरती हल्ली. तिनंच ओढून नेलं असंल. चमकणारी वस्तू नेतात म्हणे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मधले दिवस काही केलं न्हाई. एक दिवस ढग होते. एक दिवस लाइट नव्हती, ते मशीन कशावर चालवणार? एक दिवस कंबर धरली. तुळजानं इचारलं, "कंबर धरली का तुम्हीच धरून बसलात?" हिच्या बोलण्याला काही अर्थ नसतो.

आज रि काढली. शीतल मशीन धरून उभी राह्यली, मी तंगूस ओढत होतो. बापलेक भिंत रंगवतात तसं चाललं होतं. बरं वाटत होतं, खरं सांगतो. मी इचारलं, "गावातल्या बाया काय म्हणतात गं, आता नाव तुटलं म्हणून?"

म्हणली, "आधी काय म्हणायच्या ते विचारा."

"काय म्हणायच्या?"

"नव्या आलेल्या सुना असतात, लेकरू घेऊन लसीला येतात. गाडी बघतात आणि विचारतात, सिस्टर, हरिओम तुमचे मालक का? काय करतात ते?"

"मंग तू काय सांगती?"

"लस द्यायची घाई असते, मामा."

तिनं मशीन जरा जास्तच जवळ धरलं. म्हणलं, लांब धर, रंग उचलंल. तिनं लांब धरलं.

वेलांटीसकट रि एका तुकड्यात निघाली. ओरखडा न्हाई, काही न्हाई. हात बसला आता.

१६ फेब्रुवारी, रविवार

रि पण गेली! या वेळी उंच ठेवली होती, मीटरच्या पेटीवर. घूस काय शिडी लावून चढली का? तुळजावर आवाज चढवला. म्हणलं तूच फेकून राह्यली, तुला घाई झाली सगळं साफ करायची. तर तिनंही पहिल्यांदा आवाज चढवला, "मी न्हाई फेकलं! देवाशपथ सांगते. पण तुमी एक अक्षर एक आठवडा पुरवून राह्यले, ते काय मला कळत न्हाई का?"

म्हणलं, त्याला कारण आहे. एका दिवशी सगळी काढली तर पत्रा तापतो, रंगाचा थर सैल होतो. काम बराबर करायचं तर वेळ लागतो.

"तुमच्या कामात लग्नाचा दिवस निघून जाईल," म्हणली.

मी काय लग्न थांबवून राह्यलोय का? कमाल आहे या बाईची. माझ्या मनात असलं काही न्हाई. शीतल जाणार त्याचा मला आनंदच आहे. आता संध्याकाळी गेट वाजणार न्हाई, एवढंच. मी बाहेरच्या खाटंवर बसलेला असतो, गाडी वळली की मी उठून गेट उघडतो. त्या गेटाला कडी आहे, ती स्वतःही उघडू शकती. पण मीच उघडतो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज भारत आल्ता, अंगठीचं माप द्यायला. मी ओ काढत होतो. माणूस चांगला आहे, काळा, उंच, हात शेतकऱ्याचे. पाया पडला. मंग गाडीमागं आला आणि म्हणला, "दादा, हे कशाला काढून राह्यले तुम्ही?"

माझ्या तोंडाशी आल्तं, घरी जाऊन आईला इचार. आई सांगती काढा आणि लेक इचारतो कशाला, वा रे वा. पण पाहुणा माणूस. म्हणलं, जुनं झालं, उचलत होतं.

तो म्हणला, "राहू द्या ना मंग तेवढा म."

चेष्टा करत होता का काय कोण जाणे. चेहऱ्यावरून तसं वाटलं न्हाई. शीतल दारात उभी होती. तिनं त्याच्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून. त्यानं लगेच मशीनची वायर गुंडाळून दिली मला. बराबर गुंडाळली, आठाच्या आकारात. आमच्या खात्यातली पोरंसुद्धा वायर मुरगाळून ठेवतात.

ओ मुद्दाम तिथंच बोनेटवर ठेवला आणि लक्ष ठेवून बसलो. चहा प्यायला आत गेलो, तेवढ्यात गेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

उपास होता. सकाळी देवळातून आलो आणि ठरवलं, आज होऊन जाऊ दे.

म सगळ्यात घट्ट होता. शेवटचं अक्षर शीतलनं हाताच्या तळव्यानं जोर लावून दाबल्तं, मला आठवतं. अर्धा झाला आणि तंगूस तुटला. दुसरा घेतला. निघाला तेव्हा मी तो कुठंच ठेवला न्हाई. माझ्या पकडीच्या जुन्या चामडी पाकिटात घातला आणि पाकीट कमरेला. घूस असो, तुळजा असो, कुणी असो, हा म मी कुणाला देणार न्हाई.

मंग राहिलेला गोंद. अंगठ्यानं चोळला की त्याच्या गोळ्या होतात, मळ निघतो तशा. बाकीचा खोबरेल तेलानं मऊ केला, फडक्यानं पुसला. फडकं आधी झटकून घेतलं. सगळं पुसून मागं सरकलो आणि बघितलं, तर नाव तिथंच.

नऊ वर्षांच्या उन्हानं गाडीचा रंग विटला. अक्षरांच्या खाली ऊन पोचलंच न्हाई. तिथं पहिल्या दिवसाचा लाल रंग होता तसाच. ह, रि, ओ, म, सगळं स्पष्ट, ओळ सुतासारखी सरळ. पॉलिश लावून घासलं. परत घासलं. खांदा भरून आला. थोडं पुसट झालं, पण गेलं न्हाई.

मी रडलो. डायरीत खोटं कशाला लिहू? हरिओमला दवाखान्यातून आणलं तेव्हा माणसं होती, सगळं बघायचं होतं, तेव्हा मला रडायला झालं न्हाई. आज गाडीच्या मागं, हातात तेलाचं फडकं, ढसाढसा रडलो. बापानं लेकाचं नाव खरवडायचं आणि ते निघायचंही न्हाई. कुठं ठेवायचा हा जीव?

शीतल कधी येऊन उभी राह्यली कळलं न्हाई. मी म्हणलं, "बाई, जात न्हाई हे. उद्या पेंटरकडं नेऊन मागची बाजू रंगवून आणतो. तुझ्या सासूला दिसायला नको."

तिनं त्या जागेवर हात ठेवला. सगळा तळवा. खूप वेळ तसाच.

"नको, मामा," म्हणली. "आता हे अगदी जवळ आलं तरच दिसतं. एवढं राहू द्या."

३ मार्च, सोमवार

काल लग्न लागलं. रेणुकाईच्या देवळाच्या मागं मांडव होता, मोजकी माणसं. तिच्या आईवडिलांच्या शेजारी आम्हालाही पाट मांडले होते. अक्षता मीही टाकल्या.

जेवायच्या आधी मी गिरिजाबाईला गाठलं. महिनाभर गिळून बसलो होतो. म्हणलं, "बाई, काढलं बरं का नाव. बघून घ्या एकदा. झालं ना आता समाधान?"

ती माझ्याकडं बघतच राह्यली. "कोणतं नाव, भाऊ?"

"गाडीवरचं. माझ्या पोराचं. तुम्हीच फोन केल्ता ना, बरं दिसत न्हाई म्हणून?"

"मी?" तिनं छातीवर हात ठेवला. "आई रेणुकाईशपथ, मी असलं कशाला बोलू? भाऊ, तुमी असं हिकडं या." तिनं मला हाताला धरून चुलीकडं नेलं. तिथं पाटावर केळीच्या पानावर सगळा स्वयंपाक वाढलेला होता, वरण, भात, पुरण, वर तुपाची धार. समोर पाण्याचा तांब्या. "हे पहिलं पान त्याचं. त्याचं पान वाढल्याबिगर आमच्या मांडवात कुणी घास घेणार न्हाई, असं मी सकाळीच सांगलंय. ज्याची लक्ष्मी घरात आणली त्याला इसरून कसं चालंल?"

मी पानाला हात जोडले आणि तिलाही. महिनाभर या बाईला मी काय काय बोललो, ते या डायरीत वर आहेच. ते खोडत न्हाई. असू दे.

निघताना शीतल स्वतः गाडी चालवायला बसली आणि नवरदेव शेजारी. बाया हसल्या. शीतलनं काचेतून हात काढून माझा हात धरला, मंग सोडला.

परत येताना जीपमध्ये मी तुळजाला इचारलं, "फोन कुणाचा आल्ता?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणली, "कुणाचाच न्हाई. मीच म्हणलं. तुमी परक्या माणसावर चिडले तर चालतं."

जालना येईस्तोवर मी बोललो न्हाई. पुढंही बोललो न्हाई.

१४ मार्च, शुक्रवार

अंगणात गाडीच्या जागी तेलाचा एक काळा डाग तेवढा आहे. भिंतीवर धुराचा पुसट पट्टा, रोज डिकी तिथंच लागायची म्हणून. तुळजा म्हणती चुना मारा. मारीन कधीतरी.

तिच्याशी बोलायला लागलो. किती दिवस न बोलता राहणार, दोघंच आहोत. आज परत इचारलं, तू असं का केलंस? म्हणली, "मला ते नाव बघवत नव्हतं." असंल. आईचं काळीज आहे. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. तुळजा गाडीच्या मागं कधी जायची? ती तर गेटापाशीच बसायची गाडीत. आणि डिकी कायम भिंतीला.

संध्याकाळी सवयीनं गेटापाशी उठून गेल्तो. दूधवाला होता.

३० एप्रिल, बुधवार, अक्षयतृतीया

आज पितरांचं पान. तुळजानं कालच कुंभारवाड्यातून मातीची केळी, म्हणजे छोटी घागर, आणल्ती, पाणी भरून त्यावर खरबूज ठेवलं. दोघांपुरता स्वयंपाक. मी बाहेर खाटंवर बसलो होतो, ऊन मरणाचं.

लाल गाडी वळली.

आम्ही बोलावलं नव्हतं. कसं बोलावणार, दुसऱ्या घरची झाली ती. मी गेट उघडलं. आणि ती गाडी सरळ आत घेऊन आली. तोंड भिंतीला, डिकी रस्त्याकडं. न वळवता, न मागंपुढं करता. मी म्हणलं, "आज सरळ लावली गं?"

"हो," म्हणली. "बरी लागली ना?"

तब्येत सुधारलीय. हातात हिरव्या बांगड्या. तिनं पदर खोचला आणि तुळजाला बाजूला सारून पुरण वाटायला बसली. हरिओमचं पान तिनंच वाढलं. कुरडई दोनदा वाढली, त्याला आवडायची. पानाच्या पाया पडली, मंग आमच्या. तुळजा तिला धरून रडली, ती रडली न्हाई. म्हणली, "भारत येणार होते, त्यांना कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. आत्यांनी आंबे दिलेत." आत्या म्हणजे गिरिजाबाई. करंडीभर आंबे होते.

दोघी बोलत बसल्या आणि मी गाडीची काच पुसायला गेलो. वाटभर धूळ बसल्ती. फडकं कुठं असंल म्हणून पुढचा कप्पा उघडला. आत दवाखान्यातल्या पांढऱ्या गॉजची एक घडी होती. तेच फडकं समजून उघडली.

ह. रि. ओ.

धुवून पुसून ठेवलेले, गोंदाचा कणसुद्धा न्हाई. ओळीत, बराबर अंतरावर. आणि ओ च्या पुढं एका अक्षराची जागा मोकळी. गॉजला तिथं घडी अशी घातली होती की जणू चौथं कधीतरी येणार आहे.

मी सीटवर बसूनच राह्यलो. म्हणजे घूस नव्हती. आणि तुळजानं फेकलं नव्हतं. आणि नाव तुळजाला बघवत नव्हतं, हेही खरं नव्हतं. ती बाई आधी गिरिजाबाईच्या आड लपली, मंग स्वतः आड उभी राह्यली, आणि माझे महिनाभराचे टोमणे खाल्ले. दोन वर्षं ही पोरगी ती डिकी भिंतीला लावून राह्यली आणि मी तिला गाडी लावायला शिकवून राह्यलो. रोज सकाळी, रोज संध्याकाळी गाडीजवळ जाताना तिला ते नाव वाचावं लागायचं. वाचवत नव्हतं. आणि तिला ते मला सांगवतही नव्हतं, कारण मी बाप होतो. एकदा म्हणली असती, मामा, मला सोसवत न्हाई हो, तर काय मी तिला खाल्लं असतं? कोण जाणे. त्या वेळी कदाचित खाल्लंही असतं.

पकडीचं पाकीट कमरेलाच होतं. फेब्रुवारीपासून ते मी अंघोळीलाच काढतो. म बाहेर काढला. त्याला मागं अजून थोडा गोंद होता, अंगठ्यानं चोळून काढला. मंग मोकळ्या जागेवर ठेवला, ओळ बघितली, केसभर डावीकडं सरकवला. घडी होती तशीच घातली, कप्पा लावला आणि शर्टाच्या बाहीनंच काच पुसली.

ऊन उतरल्यावर ती निघाली. गाडी मागं घेताना मी रस्त्यावर उभा राहून हात दाखवला, ये, ये, बस. तुळजाला काही सांगलं न्हाई. तिला माहीत असंलच. तिला सगळंच माहीत असतं.

आता दिवेलागणीला फोन आला. तुळजा बोलली, मंग म्हणली, "घ्या, तुमाला देती म्हणती."

मी घेतला.

"मामा," म्हणली, "पोचले."

म्हणलं, "बरं."

"सगळं पोचलं, मामा."

मी परत 'बरं' एवढंच म्हणलं.